लंडनचा 'टाइम्स' मंगळवार पेठेत: एका जुळाऱ्याच्या मुलीचा अभिप्राय

पहाटे साडेपाचच्या सुमाराला मंगळवार पेठेत आमच्या दारात पेपर पडतो. पोरगा सायकल थांबवत नाही. गुंडाळी फेकतो आणि ती नेमकी तुळशीकट्ट्याला लागून थांबते. त्याच सुमाराला लंडनमध्ये मध्यरात्र उलटत असते. मी गॅसवर चहा ठेवते, टॅब उघडते, आणि चहा गाळून होईतोवर तिथल्या 'द टाइम्स'चा अंक समोर येतो. थंडीत लंडन आपल्या साडेपाच तास मागं, उन्हाळ्यात साडेचार. गेले पाच महिने माझी सकाळ अशी दोन पेपरांत वाटली गेली आहे, एक शाईचा आणि एक काचेवरचा.

वर्गणी माझ्या भाच्यानं भरली. तो लीड्सला असतो. गणपतीला आला होता तेव्हा त्यानंच टॅबवर सगळं बसवून दिलं आणि म्हणाला, "आत्या, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, आता ह्यांच्यातली एक तरी सापडतीय का बघ." मी बत्तीस वर्षं एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक होते, बहुतेक सगळी रात्रपाळीत. आमचे आबा जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारे. त्यामुळं कुठलाही पेपर हातात आला की बातमीच्या आधी माझी नजर मथळ्यातल्या वेलांटीवर जाते. आता गल्लीतली स्पर्धा परीक्षेची पोरं विचारायला लागली आहेत, मावशी, हा पेपर घेण्यासारखा आहे का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'टाइम्स' म्हटलं की आपल्याकडं मुंबईचा 'टाइम्स ऑफ इंडिया' डोळ्यांपुढं येतो. तो वेगळा, त्याची कंपनी वेगळी. हा लंडनचा. जॉन वॉल्टर नावाच्या गृहस्थांनी १७८५ साली तो दुसऱ्याच नावानं सुरू केला आणि १७८८ च्या १ जानेवारीला त्याला 'द टाइम्स' हे नाव दिलं. पुढं जगात जितके 'टाइम्स' निघाले त्यांचा हा थोरला. आपल्या मराठी माणसाचा याच्याशी जुना हिशेब आहे, तोही सांगायला हवा. लोकमान्य टिळकांवर 'असंतोषाचे जनक' म्हणून शिक्का मारणारे व्हॅलेंटाइन चिरोल याच पेपराच्या परदेशी बातम्यांच्या विभागाचे प्रमुख होते. १९१० साली त्यांनी हिंदुस्थानातल्या असंतोषावर याच पेपरात लेखमाला लिहिली आणि मग तिचं पुस्तक केलं. टिळकांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, त्यासाठी १९१८ साली लंडनला गेले, आणि १९१९ मध्ये तो दावा हरले. शाळेत बाईंनी हे शिकवताना 'टाइम्स' हा शब्द उच्चारला होता तो माझ्या कानात राहिला. तोच पेपर आज माझ्या स्वयंपाकघरात उघडतो, तेव्हा दर वेळी क्षणभर थांबायला होतं.

ॲपमध्ये वाचायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेनं बातम्या एकाखाली एक येतात. दुसऱ्या वाटेनं ई-पेपर, म्हणजे छापलेल्या अंकाची पानं जशीच्या तशी. नव्यानं वाचणाऱ्यांनी दुसरी वाट धरावी असं माझं ठाम मत आहे. बातमी कुठल्या पानावर, किती कॉलम, घडीच्या वर की खाली, हे ठरवायला आमच्या पेपरात रात्री दहा वाजता वाद व्हायचे. त्या वादातूनच वाचकाला कळायचं की आज काय मोठं आणि काय किरकोळ. एकाखाली एक आलेल्या यादीत महापूर आणि नटीचं लग्न एकाच उंचीचे दिसतात. पानावर तसं होत नाही.

पहिलं पान पाहून मला आणखी एक गोष्ट आठवते, कारण ती मी नोकरीत असतानाच कुठंतरी वाचली होती. १९६६ च्या मे महिन्यापर्यंत या पेपराच्या पहिल्या पानावर बातमीच नसायची. पूर्ण पान छोट्या जाहिरातींचं. ३ मे १९६६ ला पहिल्यांदा बातम्या पुढं आल्या. आज आपल्याकडं सणासुदीला पहिलं पान उलटलं तरी जाहिरात, दुसरं उलटलं तरी जाहिरात, आणि बातमी पाचव्या पानावर सापडते. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मला खरोखर आवडलेल्या गोष्टीकडं येते. मृत्युलेख.

कोल्हापुरात पेपर मागच्या बाजूनं उघडणारी माणसं पुष्कळ. आधी निधनवार्ता. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन, वय ८१, पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे, रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमीत. एवढंच. मी असे हजारो मजकूर तपासले आहेत. नवीन पोरांना ते काम कंटाळवाणं वाटायचं, पण मी ते कुणाला द्यायचे नाही. कारण आमच्या पेपरातला बाकीचा सगळा मजकूर दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा आणि हा तीन ओळींचा तुकडा घरची माणसं कात्रीनं कापून देव्हाऱ्यामागं ठेवायची. एकदा ८१ चं १८ झालं होतं. रात्री एक वाजता, पान प्लेटवर जायच्या बेतात असताना मला ते दिसलं. मशीन खात्यापर्यंत पळत गेले होते. त्या घरच्यांना हे कधीच कळलं नाही, आणि तेच बरोबर आहे.

'टाइम्स'चे मृत्युलेख हे याचं दुसरं टोक. एकेका माणसाला अर्धं पान, पाऊण पान. खाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं, ही त्यांची जुनी रीत. आणि माणसं कोण? मंत्री, लॉर्ड असतातच, पण एखादा बागकाम शिकवणारा, एखादी युद्धात संकेत उलगडणारी बाई, एखादा घड्याळजी. त्या माणसाचं भलं तेवढंच लिहायचं असा दंडक नाही. त्याचं तिरसटपण, बुडालेला धंदा, भावाशी असलेला अबोला, सगळं येतं, पण कुठं पाणउतारा होत नाही. अशा एकेका लेखाला मी दोन दोन दिवस लावते, शब्दकोश शेजारी घेऊन. आपल्याकडं थोर माणूस गेला की 'पोकळी निर्माण झाली' आणि 'हरपला' एवढ्यावर भागवतात. ज्यांना मराठीत चांगलं व्यक्तिचित्र लिहायचं असेल त्यांनी निदान या एका पानासाठी हा पेपर वाचावा. वर्गणीतला निम्मा पैसा माझ्या लेखी इथंच वसूल होतो.

दुसरी आवडती जागा म्हणजे चुकांची दुरुस्ती. आदल्या दिवशी काय चुकलं हे ते वेगळ्या चौकटीत छापतात: अमक्या गावाचं नाव चुकलं, तमक्या रकमेत एक शून्य जास्त पडलं. मुद्रितशोधकाला यापेक्षा गोड वाचन नाही. आमच्याकडं दुरुस्ती छापायची म्हटली की वरच्यांचं तोंड आंबट व्हायचं, 'कशाला लोकांना दाखवून द्यायचं' म्हणायचे. मी म्हणायचे, लोकांनी आधीच पाहिलंय, आता आपण पाहिलं हे त्यांना कळू दे. पत्रांचं पानही नेमानं वाचते. चार ओळींत मुद्दा मांडून बाजूला होण्याची कला तिथल्या पत्रलेखकांना साधली आहे. आणि शब्दकोडं. १९३० पासून चालत आलेलं ते गूढ कोडं मला अजून एकदाही पूर्ण सुटलेलं नाही. त्यात इंग्रजीच्या श्लेषांचा खेळ असतो. त्याखालचं साधं कोडं मात्र रोज सोडवते.

आबांना हे सगळं दाखवता आलं असतं तर त्यांनी आधी अक्षर पाहिलं असतं. 'टाइम्स न्यू रोमन' हे अक्षर सगळ्यांना माहीत आहे, संगणकावर अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते वापरलंय. ते मुळात या पेपरासाठी पाडलेलं. स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डंट यांनी ते रेखाटलं आणि ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकात ते पहिल्यांदा वापरलं गेलं. कमी जागेत जास्त मजकूर बसावा आणि तरी डोळ्याला बोचू नये, हा त्यामागचा विचार. आजच्या अंकात तेच अक्षर नाही, पुढं बदलत गेलं. आबा मुंबईच्या 'निर्णयसागर' छापखान्याच्या अक्षराबद्दल असं बोलायचे, देवळातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं. इंग्रजी जुळाऱ्याला सव्वीस मोठी, सव्वीस लहान अक्षरं. आबांच्या पुढ्यातल्या लाकडी घरात जोडाक्षरं, मात्रा, उकार, रफार धरून शेकडो कप्पे होते, आणि न बघता हात बरोबर कप्प्यात जायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. त्यामुळं आबा उलटं अक्षर सुलट्यापेक्षा जास्त वेगानं वाचायचे.

इथवर वाचून वाटेल की मी हा पेपर डोळे झाकून घ्या म्हणतेय. थांबा. पेपर घेताना त्यामागची कंपनीही आपण घेत असतो, आणि या कंपनीची कहाणी समजल्याशिवाय मी कुणाला वर्गणी भर असं सांगणार नाही.

आज या पेपराची मालक असलेली 'न्यूज कॉर्प' ही कंपनी ऑस्ट्रेलियात वाढली. १९५२ साली कीथ मरडॉक नावाचे मोठे पत्रकार-व्यवस्थापक वारले आणि ॲडलेड शहरातला 'द न्यूज' हा सायंदैनिक त्यांच्या मुलाकडं आला. मुलगा रुपर्ट, वय एकवीस, ऑक्सफर्डला शिकत होता. एका गावाचा एक पेपर, इथून सुरुवात. कोल्हापूरकराला हे आकारमान लगेच कळेल. आपल्याकडंही डॉ. ग. गो. जाधव यांनी 'पुढारी' उभा केला तो याच गावात, आणि पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली 'सकाळ' काढला तोही एका शहराचा पेपर म्हणून. पण मरडॉक यांनी पेपर काढण्यापेक्षा विकत घेण्यावर भर दिला. पर्थ, मग सिडनी. १९६४ साली त्यांनी स्वतः एक नवा राष्ट्रीय पेपर काढला, 'द ऑस्ट्रेलियन', कॅनबेराहून. पानांचे साचे रात्री विमानानं सिडनी-मेलबर्नला जायचे आणि कॅनबेराच्या विमानतळावर धुकं उतरलं की सगळं अडायचं. हे वाचताना मला आमच्या पेपरच्या टॅक्सी दिसल्या. पावसाळ्यात चंदगड, गगनबावड्याकडं जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर डाक आवृत्तीचे गठ्ठे भरताना घड्याळाकडं बघायचा, घाटात धुकं असणार म्हणून. पेपरचा धंदा जगात कुठंही पहाटेच्या आत पोचण्याचाच आहे.

१९६९ साली लंडन. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हा रविवारचा पेपर आणि 'द सन'. १९७६ मध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'. आणि १९८१ मध्ये थॉमसन कंपनीकडून 'द टाइम्स' व 'संडे टाइम्स'. त्याआधी 'टाइम्स'ची अवस्था बिकट होती. मालक आणि छपाई कामगारांच्या संघटना यांच्या भांडणात १९७८ च्या डिसेंबरपासून जवळजवळ एक वर्ष हा पेपर छापलाच गेला नव्हता. वर्षभर!

इथं मला जरा रेंगाळायचं आहे, कारण या पेपराच्या छापखान्यातल्या दोन रात्री मला झोपू देत नाहीत.

पहिली रात्र १८१४ सालची, २९ नोव्हेंबरच्या अंकाची. तोवर पेपर हातानं दाबायच्या यंत्रावर छापला जायचा, तासाला फार तर अडीचशे ताव. फ्रीडरिश कोनिग या जर्मन कारागिरानं वाफेवर चालणारं यंत्र तयार केलं, तासाला अकराशे ताव काढणारं. मालक होते धाकटे जॉन वॉल्टर. कामगार यंत्र फोडतील या भीतीनं ते शेजारच्या जागेत गुपचूप उभं केलं होतं. त्या रात्री यंत्रखान्यातल्या माणसांना सांगितलं गेलं की परदेशाहून मोठी बातमी यायची आहे, थांबा. माणसं थांबली. पहाटे सहाच्या सुमारास वॉल्टर ओले ताव हातात घेऊन आत आले आणि म्हणाले की आजचा 'टाइम्स' वाफेवर छापून झाला आहे. दंगा कराल तर बंदोबस्त तयार आहे. शांत राहाल तर तुमच्यासारखं दुसरं काम मिळेपर्यंत प्रत्येकाचा पगार चालू राहील. दंगा झाला नाही.

दुसरी रात्र १९८६ च्या २४ जानेवारीची. त्याच पेपराची. मरडॉक यांनी लंडनच्या पूर्वेला वॉपिंग इथं नवा छापखाना बांधला होता. एक नवा सायंदैनिक काढायचा आहे, असं बाहेर सांगितलं होतं. आत मात्र संगणक बसवून त्यांचे लंडनमधले चारही पेपर छापायची तयारी झाली होती. बातमीदारानं स्वतःच मजकूर टाइप करायचा, तो सरळ पानावर. मधला जुळारी नको. कामगारांनी संप पुकारला आणि त्याच रात्री सुमारे साडेपाच हजार जणांच्या हातात बडतर्फी पडली. संपावर गेले म्हणून काढले, तेव्हा कपातीची नुकसानभरपाईही नाही. पेपर एक दिवसही बंद पडला नाही. दुसऱ्या संघटनेची माणसं आत काम करत होती, आणि गठ्ठे रेल्वेऐवजी ट्रकनं बाहेर पडत होते. काटेरी तारांच्या कुंपणाबाहेर ती माणसं वर्षभर उभी राहिली. १९८७ च्या फेब्रुवारीत संप मिटला, म्हणजे हरला.

मी एकतर्फी लिहिणार नाही. तिथल्या छापखान्यांत खोट्या नावांनी पगार उचलले जायचे आणि नवं यंत्र आणायचं म्हटलं की काम बंद पडायचं, हे तिथल्याच लोकांनी नोंदवून ठेवलंय. खिळे जाणारच होते. आमच्याकडंही गेले. आज मी टॅबवर पेपर वाचते तो त्याच बदलाचा पुढचा टप्पा आहे, आणि मला तो हवा आहे. माझं म्हणणं एवढंच की यंत्र दोन्ही रात्री आलं. एका रात्री मालकानं आधी पगाराची हमी दिली आणि दुसऱ्या रात्री दिली नाही. दोघांमध्ये एकशे बहात्तर वर्षांचं अंतर, आणि माणुसकी आधीच्या रात्री जास्त.

आबांची रात्र १९८७ ची, दिवाळीला आठवडा असताना. रात्र कसली, दुपारच होती. बावीस वर्षं ज्या छापखान्यात खिळे जुळवले तिथं त्यांना बोलावून पंधरा दिवसांच्या पगाराचं पाकीट दिलं आणि उद्यापासून यायची गरज नाही म्हणून सांगितलं. ऑफसेट, म्हणजे खिळ्यांशिवाय प्लेटवरून छापणारं यंत्र, येणार होतं. खिळे वजनावर विकले गेले, ते पोत्यांत भरायलाही आबांनाच लावलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "लवकर आलासा?" आबा म्हणाले, "घरं रिकामी केली." आम्हाला वाटलं कुणाची तरी जागा बदलली असेल. खिळ्यांच्या कप्प्यांना ते घरं म्हणायचे, हे माझ्या मागाहून ध्यानात आलं. ते त्या वेळी चोपन्न वर्षांचे होते. नंतर चार वर्षं एका लग्नपत्रिकेच्या दुकानात पाकिटांना घड्या घालत होते.

त्याच सुमाराला मी जिथं नोकरी करत होते त्या दैनिकातही संगणक आले. आमच्याकडं सात जुळारी होते. मालकांनी सातही जणांना कळफलकासमोर बसवलं, सहा महिने शिकू दिलं, पगार कमी केला नाही. त्यातले दोघं जमेना म्हणून पार्सल विभागात गेले, पाच जण पानं लावायला लागले. त्यांच्यातला एक तर पुढं असा तयार झाला की पान हलवायचं झालं की उपसंपादक त्याला विचारायचे. कारण कुठली ओळ कुठं तुटली तर वाईट दिसते, हे त्याच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता असं मला कुणी सांगू नये. एकाच गावात, एकाच वर्षात मी दोन्ही मार्ग पाहिले आहेत.

वॉपिंगनंतर कंपनीचा खर्च उतरला आणि ती झपाट्यानं पसरली. पुढचं भराभर सांगते. अमेरिकेत परदेशी माणसाला टीव्ही केंद्रांची मालकी घेता येत नव्हती म्हणून मरडॉक १९८५ सालीच अमेरिकी नागरिक झाले होते. १९८७ मध्ये त्यांनी ज्या कंपनीत वडिलांनी आयुष्य घालवलं तो मेलबर्नचा वृत्तपत्रसमूह विकत घेतला. त्याच वर्षी अमेरिकेतली हार्पर ही पुस्तकांची कंपनी घेतली आणि पुढं ग्लासगोच्या कॉलिन्सशी जोडून 'हार्परकॉलिन्स' झाली, जिची इंग्रजी पुस्तकं आपल्या दुकानांतही मिळतात. १९८९ ला उपग्रह वाहिनी 'स्काय'. आणि १९९० साली हा सगळा डोलारा कर्जानं कोसळायच्या बेताला आला. १४६ बँका आणि वित्तसंस्थांचं कर्ज होतं. त्यातली पिट्सबर्गची एक लहानशी बँक मुदत वाढवून देईना, आणि तिच्यामुळं सगळं अडलं होतं. कसंबसं निभावलं.

१९९३ मध्ये 'स्टार'. इथं ही कंपनी आपल्या घरात आली. केबीसी लागलं की आमच्या वाड्यात अख्खी गल्ली जमायची ती 'स्टार प्लस' याच मालकाची. 'स्टार माझा' २००७ साली निघालं त्यातही त्यांचा हिस्सा होता, २०१२ मध्ये त्याचं 'एबीपी माझा' झालं. २००८ ला 'स्टार प्रवाह' आलं तेही त्यांचंच. माझी जाऊ रोज संध्याकाळी ज्या मालिका बघते आणि मी रोज सकाळी जो पेपर वाचते, ते दोन्ही एका काळी एकाच तिजोरीला जात होते, हे तिला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

२००७ मध्ये त्यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ची मालक डाऊ जोन्स कंपनी सुमारे पाच अब्ज डॉलरला घेतली. आणि २०११ मध्ये सगळ्यात काळा दिवस. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'नं लोकांचे फोनवरचे निरोप चोरून ऐकले होते, त्यात खून झालेल्या एका शाळकरी मुलीचा फोनही होता. १६८ वर्षांचा पेपर त्या जुलैत बंद केला गेला. बातमीसाठी मेलेल्या पोरीच्या फोनला हात लावणं, हे मी कुठल्याही वर्गणीच्या सवलतीत विसरणार नाही. २०१३ साली कंपनीचे दोन भाग झाले. पेपर आणि पुस्तकं एकीकडं, सिनेमा-टीव्ही दुसरीकडं. दुसऱ्या भागातलं बरंचसं २०१९ मध्ये डिस्नीला गेलं, त्यात आपलं 'स्टार'ही गेलं. म्हणजे आज हा पेपर घेणाऱ्याचा पैसा पेपर-पुस्तकांच्या कंपनीत जातो. २०२३ मध्ये रुपर्ट यांनी सूत्रं मुलाकडं, लॅक्लन यांच्याकडं दिली. वॉपिंगचा छापखानाही राहिला नाही; २००८ पासून छपाई लंडनबाहेर ब्रॉक्सबर्नला होते.

मग घ्यावा का?

स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून विचारणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे की नको. हा पेपर ब्रिटनच्या वाचकासाठी काढलेला आहे. तिथल्या शाळा, तिथला दवाखाना, तिथलं पार्लमेंट. आपल्या अभ्यासक्रमाला त्याचा उपयोग थोडा. दरही आपल्या मानानं जड आहे. सुरुवातीचे महिने सवलतीत मिळतात, पण पूर्ण दर लागला की आपल्या घरी येणाऱ्या दोन मराठी पेपरांच्या मासिक बिलाच्या कितीतरी पट होतो. करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं वाचनालय गावात असताना पोरांनी आधी तिथं बसावं.

ज्यांना इंग्रजी लिहायला शिकायचंय, पत्रकारितेत जायचंय, भाषांतर करायचंय, त्यांनी मात्र निदान सवलतीचे महिने तरी घ्यावा. मोबाइलवर वाचू नका, पान बारीक होतं. टॅब किंवा संगणक हवा. रोज सगळं वाचायला जाऊ नका. एक मृत्युलेख, पत्रांचं पान, दुरुस्तीची चौकट, आणि अग्रलेखांतला एक. वहीत नवीन शब्द लिहा. आणि शेजारी आपला पेपर उघडा ठेवा, म्हणजे ते तीन ओळींत काय सांगतात आणि आपण काय, हे पडताळता येईल.

भाच्यानं परवा व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आत्या, कसा वाटालाय पेपर? चूक घावली का?" घावल्या होत्या, पाच महिन्यांत अकरा. त्यातल्या दोन त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवशी दुरुस्त केल्या. उरलेल्या नऊ मी वहीत तारखेसकट लिहून ठेवल्या आहेत. फेब्रुवारीत मुदत संपते. पुढच्या वर्षाचे पैसे मी माझ्या पेन्शनमधून भरणार आहे, तसं त्याला सांगितलंय. घरचे दोन्ही पेपर चालूच राहतील. पेपरवाल्या पोराचं बिल नेहमीप्रमाणं एक तारखेला.